गोळे कुठं पडायचे

अबरडीन, मेरीलँड
२७ ऑक्टोबर १९८५

आबा,

नमस्कार. मी बरी आहे. सीमा बरी आहे, बाळंतपणाला अजून दीड महिना आहे. जावईबापू राजीव पण बरे. चौकशी संपली. आता पुढचं बसून वाचा, उभ्यानं वाचू नका.

तुमची तोफ इथं आहे.

मी चौथी शिकलेली बाई, अक्षर लावून घ्या. तुमची तोफ, आबा. बोगद्यातली. इटलीतली. जर्मनांची, महायुद्धातली. जिच्यावरनं दाजीबा सुभेदार तुम्हाला पारावर हसत आला, 'आम्ही सांग्रो नदीवर लढलो, त्र्यंबक कैदेत बसला होता, त्याला तोफ कुठली दिसणार, भिंत दिसली असेल,' ती तोफ.

झालं असं. दसऱ्याला राजीवनं माझ्याकडनं नव्या गाडीची पूजा करून घेतली. चाकांना हळदकुंकू, पुढं नारळ, झेंडूचा हार. इथं झेंडू मिळतो, वास नाही त्याला. मग तो दोस्ताच्या गाडीतनं कामावर गेला आणि सीमा म्हणाली, "आई, घरात बोअर झालं. चल, ड्राइव्ह करून येऊ. आर्मीचं म्युझियम जवळच आहे." मी म्हटलं, पोटुशी बाई तोफा बघायला जाते का कुठं. म्हणाली, "आई, डोन्ट स्टार्ट. फ्री आहे, मोकळी हवा आहे." पूजेचं ताट गाडीत मागं तसंच राहिलं होतं.

तिथं गवतात रणगाडे उभे केलेत, जत्रेत बैल बांधतात तसे ओळीनं. मला त्यात काय कळतंय. मी पुढं चालत गेले. लांबनं मला रेल्वेचा पूल दिसला. म्हटलं, इथं नदी नाही, पूल कशाला? जवळ गेले तर पुलाला टोक होतं आणि टोकाला तोंड होतं.

आबा, मी तोंडाकडनं चालायला लागले ते चालतच राहिले. मारुतीच्या दारातनं निघून पारापर्यंत यावं एवढी नुसती नळी. तोंडात कळशी सहज जाईल. खाली लोखंडाचा सांगाडा, त्याच्याखाली रूळ. वर बघितलं तर आभाळातनं ढग चालले होते आणि मला वाटलं तीच चाललीय. मी मागं सरले. खरंच सरले. पहिलं मनात आलं की ही माणसांनी केली? आणि दुसरं आलं की आबा तर लहान करून सांगत होते.

तुम्ही सांगायचात, तिला चोवीस चाकं होती. त्या चोवीसवर तर सगळा पार हसायचा. दाजीबा म्हणायचा, 'तोफ होती का मालगाडी?' मी काय केलं, गाडीतनं ताट आणलं आणि एकेका चाकाला हळदकुंकू लावत गेले. दसरा होता. बैलाला, नांगराला, मोटारीला लावतो, हिला का नको? वाकताना गुडघे बोलत होते. ह्या बाजूला बारा. वळसा घालून त्या बाजूला बारा. चोवीस, आबा. एक कमी नाही, एक जास्ती नाही.

शेवटच्या चाकाला लावते तोवर एक म्हातारा गोरा ओरडत आला. तिथं काम करतो, फुकट. त्याला वाटलं मी रंग फासतेय. सीमा सॉरी सॉरी करत बसली. तो पण तिकडं लढायला होता म्हणे, समुद्राकाठी, असं काहीतरी सीमा म्हणाली. माझं लक्ष नव्हतं, माझ्या डोक्यात चोवीस चाललं होतं.

सोबत फोटो आहे. नंदूला सांगा, तुझ्या ताईचा हुकूम आहे, हे पत्र पारावर मोठ्यानं वाच, दाजीबा बसलेला असताना. फोटो त्याच्या नाकाला लाव.

आणि आबा, जेवायच्या आधी भाकरीचा तुकडा गोठ्याच्या भिंतीवर ठेवायची खोड आता सोडा. नंदूची बायको दर पत्रात तेच रडते. कावळे पोसलेत तुम्ही.

तुमची
हौसा


वाघजाईवाडी, जि. सातारा
१६ नोव्हेंबर १९८५

चि. हौसा, आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोटोही पोचला.

तू सांगितलंस तसं नंदूनं केलं. मी शेतावर होतो, मला विचारलं नाही. घरी आलो तेव्हा सगळं गाव माझ्याकडं बघून हसत होतं, ह्या वेळी चांगल्या तोंडानं. दाजीबानं फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला, चहा तसाच ठेवला आणि काठी टेकत घरी गेला. तेव्हापासून पारावर आला नाही. हौसा, त्या माणसानं आपला अर्धा पाय सांग्रोवर ठेवलाय. तो हसायचा ते त्याला हसायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. तू त्याला उठवलंस. मी काल त्याच्याकडं जाऊन बसलो. त्यानं चंची पुढं केली. तंबाखू खाल्ली.

चाकं चोवीस आहेत हे मला माहीत होतं. ते कुणाकडनं वदवून घ्यायची मला गरज नव्हती.

फोटो मी एकट्यानं पुन्हा बघितला. एवढ्या उजेडात मी तिला कधी बघितलं नव्हतं. ती बोगद्यातनं यायची ती सांजेला, झाडाच्या फांद्या अंगावर घेऊन. आता गवतात उभी आहे, खाली पोरं खेळतात. मला दोन घास कमी गेले.

आता ऐक. तू अख्खं पत्र चाकांवर घालवलंस आणि एका ओळीत लिहिलंस की तो म्हातारा समुद्राकाठी होता. मुद्दा तोच होता. आमच्या पलटणीतलं कुणीच तिकडं नव्हतं. चाळीस वर्षांत मला असा माणूस भेटला नाही.

सीमाला जमेल तेव्हा घेऊन परत जा. त्याला एवढंच विचार की गोळे कुठं पडायचे. नीट विचार. भांडू नको.

सीमाला जप. जिने चढू देऊ नको.

आबा


अबरडीन
८ डिसेंबर १९८५

आबा,

तुमची बाजू घेतली तर शिव्या मलाच. बरं. दाजीबाला माझा नमस्कार सांगा. एवढंच सांगते, माफीबिफी मागणार नाही. तीस वर्षं हसला, एक दिवस चहा थंड झाला तर काय बिघडलं.

गोळे कुठं पडायचे ते मला वाटलं तुम्हाला हिशेबाला पाहिजे असेल. बाप्ये असंच काहीतरी विचारतात. कुठवर गेला, केवढा खड्डा पडला. ऊस किती टन निघाला, तसं. मी तसंच समजून गेले. सीमा नको म्हणत होती, नववा संपत आलाय. मी म्हटलं, तू गाडीतनं उतरू नको, काच खाली कर आणि तिथनं भाषांतर कर.

म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर. उंच, पाठीत वाकलेला. एका कानानं ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतो. मला इंग्रजी येत नाही म्हणून माझ्याशी आणखी मोठ्यानं बोलतो. मीही मग मराठीत मोठ्यानं बोलले. सीमानं कपाळाला हात लावला.

मला बघून तो म्हणाला, आज रंग आणलाय का. मी सीमाला म्हटलं, सांग त्याला, तो रंग नाही, आम्ही हत्याराला मान देतो. सीमानं सांगितलं. तो म्हणाला, "लेडी, हिला मान मीही देतो. पण मी लांब उभा राहून देतो."

मग मी सांगितलं, माझा बाप तिकडं होता. तो म्हणाला, बीचवर इंडियन नव्हते. मी म्हटलं, बीचवर नाही. दुसऱ्या बाजूला. जिथनं गोळा सुटायचा तिथं. वाळवंटात पकडला गेला, इटलीत कैदेत होता, इटलीनं हात टेकले तेव्हा पळाला, डोंगरात लपला होता. सीमा हे सांगत होती आणि त्यानं टोपी काढली. काढून हातात नुसती फिरवत राहिला.

मग तुमचा प्रश्न विचारला.

तो बोलायला लागला आणि सीमा मधेच थांबली. मी म्हटलं, काय झालं, कळ आली का? म्हणाली, "नाही गं. ही इज सेइंग, आधी आवाज यायचा. फ्रेट ट्रेन डोक्यावरनं यावी तसा. फ्रेट ट्रेन म्हणजे मालगाडी, आई."

आबा, तुमचाच शब्द. गोळा मालगाडीसारखा जायचा, असं तुम्ही म्हणायचात. हे दोन म्हातारे एकमेकांना भेटले नाहीत, दोघांच्या मधे समुद्र आहेत, आणि दोघांच्या डोक्यावरनं एकच मालगाडी.

तो म्हणाला, मागं समुद्र, पुढं डोंगर, आम्ही मधे वाळूत उंदरासारखी बिळं करून. आवाज आला की प्रत्येकाला वाटायचं, गाडी आपल्याच रुळावर आहे. बरेचसे समुद्रात पडायचे. पाणी देवळाच्या शिखरासारखं उभं राहायचं आणि सावकाश खाली यायचं, बघत राहावं असं. शिखर मी म्हणते, तो चर्च म्हणाला. आणि काही आमच्यावर पडायचे.

एकदा तो पाणी भरायला गेला. त्याचा दोस्त बिळाच्या तोंडाशी कॉफी करत बसला होता, म्हणाला तू ये, तोवर होते. हा डबे भरून आला तर तिथं खड्डा होता. गाडीबैल आत उतरावेत एवढा. दोस्त नव्हता. काहीच नव्हतं. हे सांगताना तो पहिल्यांदाच हळू बोलला. दोस्ताचं नाव सांगितलं त्यानं, पण ते माझ्या कानाला लागलं नाही. मग चष्मा पुसायला तो तोफेच्या पलीकडं गेला, आणि पुष्कळ वेळ आला नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. मला विचाराल तर न विचारलेलं बरं होतं.

निघताना त्यानंही एक विचारलं. ही लपायची कुठं? म्हणे आमची विमानं रोज हिंडायची, एवढी मोठी वस्तू, कुणाला दिसायची नाही. आम्हाला वाटायचं जमीन गिळते हिला. तुझ्या बापाला माहीत असेल तर विचार.

विचारलं.

हौसा


वाघजाईवाडी
२९ डिसेंबर १९८५

चि. हौसा, आशीर्वाद.

मुलगी झाल्याची तार मिळाली. गावात साखर वाटली. दाजीबानं दोनदा घेतली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तू म्हणतेस न विचारलेलं बरं होतं. नाही. माहीत नसणं जास्त वाईट होतं.

त्या माणसाला सांग. रोमच्या खाली डोंगर आहेत, त्यात एक खोल तळं आहे. तळ्याच्या अंगानं आगगाडी जाते आणि बोगद्यात शिरते. ती त्या बोगद्यात असायची. बाहेर येऊन काम करायची आणि विमान यायच्या आत परत जायची. जमीनच गिळायची, तो बरोबर बोलला.

बोगद्याच्या वरच्या उताराला एक घर होतं. नवराबायको, दोघं म्हातारी. त्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यात, गवताखाली मी होतो. बाईचं नाव असुंता. आमची भाषा एक नव्हती. मी कुठला हेसुद्धा तिला धड माहीत नसावं. जर्मनांना मी सापडलो असतो तर त्यांनी तिला घरासकट जाळलं असतं, आणि हे माहीत असून ती मला रोज भाकर द्यायची. तिकडची भाकर जाड, कडक, सुरीनं कापावी लागते.

तोफ यायच्या आधी रूळ बोलायचे. मग शेळ्या उठून उभ्या राहायच्या. मग ती बाहेर यायची, हळू, मिरवणुकीतल्या हत्तीसारखी. मी गवतातनं बघायचो. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची आणि डोळे हलायचे नाहीत. माणसाच्या हातानं एवढं होतं हे मी तोवर बघितलं नव्हतं. मग ती सुटायची. छपराची माती खाली यायची, छातीत कुणी पहार मारावी तसं व्हायचं, आणि मालगाडी लांब जावी तसा गोळा समुद्राकडं जायचा. लांब जायचा, हौसा. येताना कसा वाटतो ते मला तुझ्या पत्रानं कळलं.

गोळा गेला की असुंता भाकरीचा एक तुकडा कापून खिडकीत ठेवायची. घरात खायला नव्हतं. तिचा नवरा त्या तुकड्याकडं बघायचा, मी पण बघायचो. कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा मी खुणेनं विचारलं, कुणासाठी? तिनं समुद्राकडं बोट केलं, मग तोंडाकडं. मी समजलो ते असं, की तिकडं तो ज्याच्यावर गेलाय त्याचं जेवण राहिलं असेल.

तो तुकडा मी इथं येऊन ठेवत राहिलो. तुम्ही कावळ्यांचा म्हणता.

पारावर मी तोफेचं सांगायचो ते बढाईला नाही. वाटायचं, कुणीतरी विचारील, गोळा सुटला, पुढं काय झालं? सगळे तोफेलाच हसायचे, पुढं कुणी जायचं नाही. मग मी पण तोफेपाशीच थांबायला शिकलो.

आता दोन कामं. एक, तिच्यापुढं भाकरीचा एक तुकडा ठेवून ये. हळदीचं काय ते तू बघ. तिची पूजा करू नये असं मला वाटतं, पण तिच्यापुढं मान खाली जाते हेही खरं आहे. दोन, कॉफी करत बसलेल्या त्या पोराचं नाव काय? तुझ्या कानाला लागलं नाही म्हणतेस. लागेपर्यंत विचार.

आबा


अबरडीन
२ फेब्रुवारी १९८६

आबा,

नात गुटगुटीत आहे. रडते मोठ्यानं, माझ्यावर गेलीय म्हणतात.

ज्वारीचं पीठ इथं मिळत नाही. राजीवचा दोस्त न्यू जर्सीला गेला होता, आयसेलिनला एका गुजराथ्याच्या दुकानात मिळालं. जुनं होतं, थापताना भाकरी चिरत होती. दोन बिघडल्या, तिसरी जमली. तुम्ही तुकडा म्हणालात. मी अख्खी नेली. आपल्याकडं एवढी गरिबी नाही.

बर्फ पडलं होतं. तुम्ही तिला अशी बघायला पाहिजे होती. सगळं मैदान पांढरं, आवाज नाही, रणगाडे बर्फाखाली ढेकळांसारखे दिसत होते, आणि ही मात्र झाकली जात नव्हती. नळीवर बर्फाची एक लांब ओळ, बाकी काळी. ही माझी तिसरी खेप, सीमाच्या खिडकीत बसून फोटो बघते ते वेगळंच. तरी जवळ गेले की मी परत मागं सरते. हळद सगळी धुतली गेली होती. आतल्या एका चाकाला थोडं कुंकू राहिलं होतं, काठाच्या आत. ते मी तसंच ठेवलं. पुसणारी मी कोण.

वॉल्टर आला. सीमानं बाळाला गोधडीत गुंडाळून तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं, इंग्रजी करून. तळं, बोगदा, शेळ्या. शेळ्या उठून उभ्या राहायच्या ते त्यानं परत वाचायला लावलं. असुंताचं आलं तेव्हा सीमाला वाचवेना. मी म्हटलं, वाच, थंडी आहे, बाळ गारठेल. पुढं वाचलं तिनं. तो बर्फात बुटाच्या टोकानं रेघ मारत होता.

मग मी फडक्यातनं भाकरी काढली, पहिल्या चाकापाशी ठेवली आणि हात जोडून डोळे मिटले. उघडले तर भाकरी नव्हती.

वॉल्टर खात होता.

त्याला वाटलं त्याला दिली. मी इतक्या लांबनं आले, फडक्यात बांधून आणली, त्याच्या पायाशी ठेवली, त्याला काय कळणार. सीमा ओरडली, "आई, ओ माय गॉड, सांगू का त्याला?" माझा हात पुढं झाला होता, आबा. नैवेद्य उचलून खाणाऱ्या माणसाला आपल्याकडं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या तोंडातनं काढून घेणार होते मी.

मग माझ्या डोक्यात आलं की तोफ सुटायची ती कुणावर? असुंता खिडकीत तुकडा ठेवायची तो कुणासाठी?

मी सीमाला म्हटलं, गप बस. खाऊ दे त्याला.

बर्फात उभा राहून त्यानं ती कोरडी भाकरी खाल्ली. दातांनी जमत नव्हतं तर तोडून तोडून खाल्ली. खाताना डोळ्यातनं पाणी येत होतं, थंडीनं असेल. मी विचारलं नाही.

अर्ध्यावर आल्यावर तो थांबला. पत्रातला तो तुकडा सीमानं वाचला होता ना, ते त्याला आत्ता कळलं असावं. उरलेली अर्धी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी खुणेनं सांगितलं, तिकडं ठेव. त्यानं चाकापाशी ठेवली. मग मी म्हटलं, आता नाव सांग. तो म्हणाला. मी म्हटलं. तो नाही म्हणाला, परत म्हणाला. असं किती वेळा झालं विचारू नका, बाळ रडून रडून झोपलं. पण मला ते आलं. तो शेवटी मान हलवून म्हणाला, असंच, त्याची आई अशीच म्हणत असेल.

लेनर्ड ऑल्सन. लेनर्ड त्याचं, ऑल्सन बापाचं. गावाकडचा होता, घरी गाई होत्या, एकवीस वर्षांचा. मी मोठ्या अक्षरात लिहिते खाली म्हणजे तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल. तुकडा ठेवताना आता नाव घेत जा. नंदूच्या बायकोला मी वेगळं पत्र टाकलंय, ती परत कुरकुर करणार नाही.

लेनर्ड ऑल्सन.

वॉल्टरनं विचारलंय, तुम्ही इकडं कधी याल. मी म्हटलं, आबा आता तालुक्याच्या पुढं जात नाहीत. तर म्हणाला, मग मी असेपर्यंत त्यांच्या वतीनंही तिच्यापाशी उभा राहीन, म्हणजे दोन्ही बाजूंचं कुणीतरी असेल. त्याला म्हटलं, मीही मार्चपर्यंत आहे, भाकरी आणत जाईन.

भाकरी त्याला आवडली नाही, तोंडावरनंच कळत होतं. त्याच्या वाटची मात्र सगळी खाल्ली.

हौसा